रिलीव्हर नसलेली ड्यूटी

नाशिकमध्ये सातपूरच्या ज्या कंपनीत मी एकोणीस वर्षं मशीनवर काढली, तिथे नव्या पोराला पहिल्याच दिवशी एक नियम सांगतात: रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. नाइट संपली, सकाळचे सात वाजले, डोळे मिटायला लागले तरी फर्स्ट शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत मशीनपाशी थांबायचं. या नियमाची दुसरी बाजू कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. रिलीव्हर येतोच. कधी उशिरा येतो, कधी कुरकुरत येतो, पण येतो. नाहीच आला तर सुपरवायझर दुसऱ्याला उभं करतो, डबलचे पैसे देतो. सलग तिसरी शिफ्ट मात्र कुणालाही लावत नाहीत. झोप न झालेल्या माणसाचा हात मशीनमध्ये जातो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. तो आता चौदा वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा चार वर्षांचा होता. त्या दिवसापासून माझी बायको ड्यूटीवर आहे आणि तिला रिलीव्हर नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला सहा वर्षं लागली. मला कंपनीत सुटका मिळायची ना. खरं सांगायचं तर मी सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो. दुपारी तीन ते रात्री अकरा. मुलाची सगळ्यात अवघड वेळ नेमकी तीच.

थेरपी सेंटरवर दर महिन्याला घरी करायच्या गोष्टींचा कागद मिळायचा. (कंपनीत ओटी म्हणजे ओव्हरटाइम, सेंटरवर ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आमच्या घरी दोन्हीचा अर्थ एकच झाला होता.) एकदा त्या कागदावर नऊ गोष्टी होत्या. कागद हातात देताना मॅडम आपुलकीने म्हणाल्या, ‘आणि आई, स्वतःचीही काळजी घ्या हं.’ बायको रिक्षात बसली, कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘हे दहावं कुठे लिहिलंय?’

त्या दहाव्या ओळीबद्दल मला लिहायचंय. आम्ही दोघांनी ती उशिरा वाचली. कंपनीतून आल्यावर मी थोडं वाचन केलं, पालकांच्या गटात बसून बरंच ऐकलं. मी डॉक्टर नाही. पण मशीन का बंद पडतं ते शोधायची सवय आहे.

‘थकलोय’ या एका शब्दात काय काय असतं

आपल्याकडे सगळ्यालाच थकवा म्हणायची पद्धत आहे. झोप झाली नाही, थकलो. मन भरून आलं, थकलो. मुलाकडे बघवत नाही, तेही थकलो. पण ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं आहे दुःख. पुतण्याच्या मुंजीत मातृभोजन चाललं होतं. आई आणि बटू एका ताटात जेवतात, आई शेवटचा घास भरवते, फोटो निघतात. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, मुंजीच्या वयाचाच. बायको पहिल्या पंक्तीतून उठली आणि मागे जाऊन केटररच्या माणसांबरोबर ताटं विसळायला लागली. कुणी विचारलं तर म्हणाली, गर्दीत गरम होतंय. निदान होऊन पाच वर्षं झाली होती. आम्ही तर समजत होतो की आपण ‘स्वीकारलंय’.

या स्वीकारण्याचा आपल्यावर फार दबाव असतो. डॉक्टर विचारतात, शाळेत विचारतात, ‘तुम्ही ॲक्सेप्ट केलंय ना?’ जणू हा फॉर्म एकदाच भरायचा असतो. १९६२ मध्ये सायमन ओल्शान्स्की नावाच्या अमेरिकन समाजकार्यकर्त्याने याबद्दल एक लेख लिहिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर तो काम करत असे. त्याचं म्हणणं असं, की या पालकांना जे होतं ते चिवट दुःख आहे. ते संपत नाही, मात्र सतत बोचतही नाही. मधे कित्येक महिने गायब असतं आणि मग एखाद्या निमित्ताने वर येतं. ते वर येण्यात मनाचा काहीही बिघाड नाही. उलट, पालकांनी ‘यातून बाहेर पडलंच पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्या तज्ज्ञांनाच त्याने चार शब्द सुनावले.

हे वाचल्यावर मला निमित्तांचं कॅलेंडरच दिसायला लागलं. शेजारच्या मुलाचा पहिलीचा प्रवेश. चुलतभावाच्या मुलीचा दहावीचा निकाल. मुलाच्या बरोबरीचा पोरगा सायकलवरून दूध आणायला जातो, ते. आणि घरातल्या धाकट्याने मोठ्याला एखाद्या गोष्टीत मागे टाकणं, हे तर सगळ्यात अवघड, कारण त्या दिवशी आनंदही व्हायला हवा असतो. निमित्त ओळखता आलं की त्याची तयारी करता येते. आता मुंज असली की आम्ही आधीच ठरवतो: जेवणापुरतं जायचं, विधींना नाही. आणि रात्री घरी आल्यावर दोघांनी एकमेकांना विचारायचं, ‘लागलं का?’ एवढंच. उत्तर ‘हो’ आलं तरी त्यावर तोडगा काढायचा नाही.

पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात आणखी एक गोष्ट मांडली. काही गमावणं असं असतं की त्याला धड शेवट नसतो. माणूस समोर असतो, पण ज्याची कल्पना केली होती ते आयुष्य नसतं. मरणाला आपल्याकडे दहावा आहे, तेरावा आहे, भेटायला येणारी माणसं आहेत, भाकरी-पिठलं घेऊन येणारे शेजारी आहेत. निदानाला यातलं काहीच नाही. फाईल घेऊन घरी यायचं आणि कुकर लावायचा.

इथे एक इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९३ मध्ये टोरांटोच्या एका ऑटिझम परिषदेत जिम सिंक्लेअर बोलले. ते स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी पालकांना जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की तुम्ही ज्या मुलाची स्वप्नं पाहिली होती त्याच्यासाठी रडा, ते साहजिक आहे. पण ते रडणं आमच्या नावावर टाकू नका, आम्ही जिवंत आहोत आणि इथे तुमची वाट बघतोय. मला हे वाचून आधी राग आला होता. दोन दिवसांनी पटलं. तेव्हापासून मुलासमोर त्याच्याबद्दल ‘याचं कसं होणार’ असं बोलायचं आम्ही बंद केलं. तो बोलत नाही म्हणजे ऐकत नाही, असं थोडंच आहे?

शरीर हिशोब ठेवतं

दुसरं दुखणं शरीराचं. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. कुत्रा मागे लागला तर पळायला जे बळ येतं, त्यात त्याचा वाटा असतो. कुत्रा गेला की ते खाली यायला हवं. पण कुत्रा दहा वर्षं मागेच असेल तर? मूल रात्री किती वाजता उठेल माहीत नाही, दार उघडं राहिलं तर रस्त्यावर जाईल, शाळेतून फोन येईल. शरीर सतत कान टवकारून बसतं. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या किशोरवयीन आणि तरुण मुलांच्या आया तपासल्या. त्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं नव्हतं, उलट दिवसभर खालीच होतं. फार वर्षं ताण सोसलेल्या माणसांत असं दिसतं. मशीनच्या भाषेत, अलार्म वाजून वाजून भोंगाच बसला.

२००४ चा एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी अठ्ठावन्न आयांच्या रक्तपेशी पाहिल्या. ब्लॅकबर्न यांना पुढे २००९ मध्ये नोबेल मिळालं. या अठ्ठावन्नपैकी एकोणचाळीस जणींची मुलं दीर्घ आजाराची होती, बाकीच्यांची निरोगी. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टोपणासारखा एक भाग असतो, टेलोमिअर. वय वाढतं तसा तो झिजतो. ज्या आयांना ताण सर्वांत जास्त जाणवत होता, त्यांची टोपणं सर्वांत कमी ताणवाल्यांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हातारी निघाली. आजारी मुलांच्या आयांमध्ये, जितकी जास्त वर्षं सेवा, तितकी झीज जास्त.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. अभ्यास लहान होता. आणि त्यातली जी गोष्ट बातम्यांत मागे राहते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आजारी मुलांच्या आया आणि निरोगी मुलांच्या आया अशी सरसकट तुलना केली, तर सरासरीत फरक नव्हता. फरक पडत होता तो ताण किती जाणवतो आणि किती वर्षं चालतो याने. म्हणजे मूल विशेष आहे म्हणून आई लवकर झिजणारच, असं काही लिहून ठेवलेलं नाही. ताणात किती वेळ सलग उभं राहावं लागतं, त्यावर बरंच अवलंबून आहे. आणि सलगपणा तोडता येतो.

तिसरं दुखणं सांगायला लाज वाटते, म्हणून लोक सांगत नाहीत. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाइचाक या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. पालकपणातच माणूस जळून संपतो, याला त्या पालकांचं बर्नआउट म्हणतात. २०१८ मध्ये त्यांनी ते मोजायची प्रश्नावली केली. त्यात चार खुणा आहेत. मुलाचं करायचं म्हटलं की अंगातलं त्राण जाणं. ‘मी पूर्वी अशी आई नव्हते’ असं वाटणं. पालक असण्याचाच वीट येणं. आणि मुलापासून मनाने लांब जाणं: करायचं सगळं, पण यंत्रासारखं.

ही चौथी खूण मी घरात पाहिली आहे. बायको मुलाला अंघोळ घालायची, भरवायची, कपडे घालायची, व्यायाम घ्यायची, सगळं वेळेवर. पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. आधी ती त्याला अंघोळ घालताना गाणी म्हणायची, तो उत्तर देत नसला तरी. गाणी कधी थांबली ते मला आठवतही नाही. तिचं प्रेम आटलंय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

रोस्काम आणि मिकोलाइचाक एक सोपं चित्र देतात: तराजू. एका पारड्यात भार, दुसऱ्यात आधार. भार जास्त आणि आधार कमी, असं फार काळ राहिलं की माणूस जळतो. आपल्या पारड्यातला भार तर उतरवता येत नाही, मुलाचं निदान काही बदलणार नाही. मग दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकावंच लागतं. फेशियल, सुगंधी मेणबत्ती, सकाळी उठून पाच गोष्टींबद्दल कृतज्ञता, हे सगळं वाईट नाही. पण पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं तर त्या पाच मिनिटांत मुलाकडे कोण बघणार? या प्रश्नाचं उत्तर न देता दिलेला सल्ला म्हणजे पुन्हा दहावी ओळ.

रिलीव्हर तयार करावा लागतो

तयार मिळत नाही. ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणणारी माणसं प्रत्येकाकडे असतात आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांना नेमकं काय करायचं ते माहीत नसतं, आणि मुलाची थोडी भीती वाटत असते. माझी बहीण गंगापूर रोडला राहते. सहा वर्षं ती म्हणत होती, ‘वहिनीला सांग, कधीही सोड त्याला माझ्याकडे.’ आम्ही कधी सोडलं नाही, कारण तिला जमणार नाही अशी आमची खात्री होती. आणि आम्ही सोडत नाही म्हणून तिला जमत नव्हतं.

मग मी कंपनीची युक्ती घरी आणली. शिफ्ट बदलताना लॉगबुकात लिहितात: कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठला आवाज नॉर्मल आहे, कशाला हात लावू नये. तशी मुलाची दोन पानी वही केली. पाणी हवं असेल तर तो तुझा हात धरून फ्रिजपाशी नेईल. मिक्सर लावण्याआधी त्याला दाखव, नाहीतर कान झाकून पळेल. पंखा बघत बसला तर बसू दे, तो त्याचा आराम आहे. ओरडायला लागला तर बोलू नकोस, प्रश्न विचारू नकोस, दिवा मालव, जवळ बस, पण धरू नकोस. दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. बाथरूमची कडी बाहेरून लाव. गच्चीचं दार बंदच ठेव. हे लिहिताना आम्हालाच कळलं की आपल्याला किती गोष्टी येतात.

पहिल्या तीन वेळा आम्ही घरातच राहिलो, आतल्या खोलीत. चौथ्या वेळी खाली सोसायटीच्या बाकावर. चाळीस मिनिटं. बायको सगळा वेळ आमच्या खिडकीकडे बघत होती. पाचव्या वेळी कोपऱ्यावर चहा. दोन महिन्यांनी दोन तास. बहिणीकडून चुका झाल्या. एकदा तिने भाताऐवजी पोळी दिली आणि ताट भिंतीवर गेलं. पण आम्ही असतानाही ताट भिंतीवर जातच होतं.

नवरा-बायकोतही शिफ्ट लागते, हे बऱ्याच घरांत होत नाही. दोघंही कायम अर्धवट ड्यूटीवर असतात आणि दोघंही एकमेकांवर चिडलेले. आमच्याकडे मुलगा रात्री उठतो. आम्ही दोघं उठायचो. आता वार ठरलेले आहेत. ज्याचा वार नाही तो दुसऱ्या खोलीत झोपतो, दार लावून, आणि काहीही ऐकू आलं तरी उठत नाही. पहिल्या आठवड्यात बायकोला दाराआड पडून राहणं जमेना, पण सलग सहा तास झोप लागल्याची पहिली सकाळ आली तेव्हा ती मला म्हणाली की मला रंग जास्त दिसताहेत. मुलाला फिट्स येत असतील किंवा नळीने अन्न द्यावं लागत असेल, तर मात्र बदलीच्या माणसाला डॉक्टरांकडून नीट शिकवून घ्या, अंदाजाने सोपवू नका.

एकटी आई असेल, गावापासून लांब असेल, नातेवाईक नसतील, तर दुसरे पालक हाच आधार. आमच्या गटातल्या दोन आयांनी शनिवार वाटून घेतलेत: एका शनिवारी दोन्ही मुलं हिच्याकडे, पुढच्या शनिवारी तिच्याकडे. विशेष मूल सांभाळायला शिकलेलं माणूस दुसऱ्या विशेष मुलाला घाबरत नाही, हा मोठा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे राहिलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटींचं. त्यात मुलाशी खेळावं कसं, बोलावं कसं याबरोबर पालकाच्या स्वतःच्या मनाचा भागही आहे. तुमच्या सेंटरवर असा गट नसेल तर मागा. मुलाच्या थेरपीच्या पैशांत पालकांचा तास धरा, असं स्पष्ट म्हणा.

सरकारी बाजूने, काही दिवसांच्या अशा बदलीची सोय राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘समर्थ’ योजनेत अपेक्षित आहे. केंद्रे थोडी आहेत, त्यामुळे त्यावर विसंबून घर चालवता येत नाही, पण आपल्या जिल्ह्यात आहे का ते विचारून ठेवायला हरकत नाही.

हात उचलला त्या दिवशी

ही गोष्ट टाळून पुढे जाता आलं असतं. मी नाइट करून आलो होतो. दोन तास झोप झाली होती. मुलगा पंख्याचं बटण चालू-बंद करत होता, टक, टक, टक, अर्धा तास. मी उठलो आणि त्याला मारलं. तो रडला नाही. त्याने माझा तोच हात धरला आणि नेऊन बटणावर ठेवला. वीज गेली होती. त्याला पंखा लावून हवा होता, एवढंच.

यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःशी जे बोलत होतो ते इथे छापण्यासारखं नाही. अपराधी वाटणं चांगलंच, असं आपण मानतो. त्याने माणूस सुधारतो म्हणतात. माझं तसं झालं नाही. अपराधीपणामुळे मी मुलापासून आणखी लांब राहायला लागलो, जास्त ओव्हरटाइम घ्यायला लागलो, म्हणजे आणखी कमी झोप.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ऑटिझम असलेल्या मुलांच्या एक्कावन्न पालकांचा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जे पालक स्वतःशी जरा दयेने वागत होते, त्यांच्यात ताण आणि निराशा कमी होती, आशा जास्त होती. आणि हे मुलाची लक्षणं सौम्य की तीव्र यापलीकडे जाऊन दिसत होतं. स्वतःवर दया म्हणजे ‘जाऊ दे, होतं असं’ नव्हे. मुलाला मारणं चूकच. पण त्या चुकीकडे मेंटेनन्सवाल्यासारखं बघता येतं: काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं. घडलं काय? मी मारलं. का? दोन तासांची झोप आणि घरात दुसरं कुणी नाही. बदल? नाइटनंतर दुपारी बारापर्यंत मी एकटा मुलाजवळ नाही. त्या बदलाने जे केलं ते माझ्या शंभर शपथांनी केलं नव्हतं. मुलाला मी सॉरीही म्हटलं. समजलं की नाही माहीत नाही. मला म्हणायचं होतं.

दुसऱ्या पालकाच्या तोंडून हीच गोष्ट ऐकली असती तर मी त्याला काय म्हणालो असतो, तेच स्वतःला म्हणायचं, इतकं ते सोपं आहे. आणि इतकंच अवघड.

नातेवाईकांच्या बाबतीत माझं मत थोडक्यात सांगतो. ‘आमच्या अमक्याचा मुलगा पाच वर्षांनी बोलला’, ‘कुलदैवताला जाऊन आलात का’, ‘देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो’. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त दमवतं, कारण त्यानंतर तक्रार करायची सोय राहत नाही. प्रत्येकाला ऑटिझम समजावत बसायची गरज नाही. दोन वाक्यं पाठ करून ठेवा: ‘त्याची ट्रीटमेंट चालू आहे’ आणि ‘तुम्ही जरा याला पाच मिनिटं बघता का, मी जेवून घेते’. दुसऱ्या वाक्याने माणसं पटकन निवडली जातात.

डॉक्टर कधी

वर सांगितलेलं दुःख येतं आणि जातं. झोप झाली, कुणी हसवलं, की थोडं हलकं वाटतं. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टर पहिल्यांदा हेच दोन प्रश्न विचारतात. हे ताकद किंवा श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण नाही, त्यावर उपचार असतात, औषधं असतात, गुण येतो. बापांमध्ये ते अनेकदा उदासीसारखं दिसतच नाही. चिडणं, घरी उशिरा येणं, बाटली. मी सेकंड शिफ्ट मागायचो ते यातच धरावं लागेल.

आणि ‘मला आणि मुलाला दोघांनाही संपवावं’ असा विचार एकदाही आला, तर तो कुणाला तरी सांगायलाच हवा, त्याच दिवशी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या फ्रिजवर तो गॅसच्या नंबराखाली लिहिलेला आहे. ‘मी वाईट आई नाही, पण’ अशी सुरुवात करायची गरज नाही. थेट सांगा.

राहिली ती भीती: आमच्यानंतर काय. पहाटे साडेतीनला हीच जागं करते. हिच्यावर ध्यानाचा उपयोग मला तरी झाला नाही. फाईलचा झाला. एक निळी प्लास्टिकची फाईल आणली आणि भीतीचे तुकडे करून त्यात घातले. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. ‘निरामय’ हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, एक लाखापर्यंतचा. मूल अठराचं झालं की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे कितीतरी जणांना अठरावं उलटल्यावर बँकेत कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत अपंग मुलाच्या सांभाळासाठी पंच्याहत्तर हजारांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. मृत्युपत्राचं वकिलांशी बोलणं झालंय. आमच्या धाकट्या मुलीच्या नावाने ‘दादाला तूच बघायचं’ असा कागद मात्र फाईलमध्ये नाही आणि घालणारही नाही. तिला विचारू, ती मोठी झाल्यावर.

फाईल भरली म्हणून भीती गेली नाही. साडेतीनला जाग येते, पण आता मी उठून फाईलमध्ये काय राहिलंय ते चिठ्ठीवर लिहितो आणि परत पडतो.

गुरुवारी संध्याकाळी बहीण येते. बायको बहिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा मला वाटलं, मैत्रिणीला भेटेल, सिनेमा बघेल. ती झोपते. दोन तास, मोबाइल बंद करून. अलीकडे कधीकधी अंघोळीच्या वेळी तिचं गुणगुणणं ऐकू येतं, रोज नाही.

वही आता जाड झाली आहे, कारण बहीणही तिच्यात लिहिते. गेल्या गुरुवारची नोंद तिच्या गोल अक्षरात आहे: ‘पाणी दोनदा मागितलं. भात संपवला. साडेसहाला वीज गेली, पंख्यावरून पंधरा मिनिटं गोंधळ, मग माझ्या पुठ्ठ्याने वारा घेतला. आली की लगेच स्वयंपाकाला लागू नकोस, मी पिठलं केलंय. पुढच्या गुरुवारी अर्धा तास लवकर येते.’